तीन अंशांची पकड

पुसदच्या बाजूला चढाचा रस्ता लागलेला, जुनी बुलेट तिसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस आणि मध्ये बियाण्याची थैली. इंजिनाचा ठोका संथ आणि दमदार. आणि काही कारण नसताना ‘खट्’ असा आवाज होतो, इंजिन किंचाळतं, गाडीचा जोर एकदम नाहीसा होतो. पाय पॅडलवर नव्हता, क्लच दाबलेला नव्हता, तरी गाडी न्यूट्रलला गेली. चालवणारा पुन्हा गिअर टाकतो, गाडी थोडं अंतर जाते आणि पुन्हा तेच.

जुन्या बुलेट, राजदूत, येझदी चालवणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक आहे. गिअर सटकायला लागला की बहुतेक जण दोनच निष्कर्ष काढतात: गिअरबॉक्स संपला, किंवा मिस्त्र्याने मागच्या वेळी नीट बसवला नाही. दोन्ही खरं असू शकतं. पण या दुखण्याच्या मुळाशी जे आहे ते मला पहिल्यांदा समजलं तेव्हापासून माझं त्याबद्दलचं नवल ओसरलेलं नाही. गिअर जागेवर धरून ठेवण्याचं काम पॅडल करत नाही, चक्राला सरकवणारा आतला फोर्क करत नाही, आणि स्प्रिंगही फारसं करत नाही. ते काम इंजिनाची ताकद स्वतःच करते. पोलादाच्या एका उभ्या भिंतीला दोन-तीन अंशांचा कल आतल्या बाजूला असेल, तर इंजिन जितका जास्त जोर लावेल तितका गिअर आत ओढला जातो. तीच भिंत झिजून कल बाहेरच्या बाजूला गेला, की तोच जोर गिअरला हुसकून लावतो. ताकद तीच असते, फक्त तिची दिशा उलटते, आणि ती उलटवायला झीज लागते ती मिलिमीटरच्या अंशाएवढी.

हे नीट कळायला आधी गिअरबॉक्स लागतोच कशाला, इथून सुरुवात केलेली बरी. त्याचं उत्तर यवतमाळच्या जुन्या स्टेशनवर मिळतं. यवतमाळ–मूर्तिजापूर ही अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी, जिला सगळा मुलूख शकुंतला म्हणून ओळखतो, तिला मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन होतं. ते 1923 पासून 1994 पर्यंत धावलं. कापसाच्या गाठी आणि माणसं घेऊन सत्तर वर्षं धावलेल्या त्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. वाफेचा दाब दट्ट्यावर बसतो तो चाक थांबलेलं असतानाही बसतो. उभ्या गाडीला हलवायला लागणारा सगळा जोर पहिल्या क्षणापासून हजर असतो.

पेट्रोलच्या इंजिनाचं तसं नाही. ते फिरत असेल तरच जिवंत असतं. मिनिटाला काहीशे फेऱ्यांच्या खाली ते बंदच पडतं, आणि बुलेट 350 चे 18 हॉर्सपॉवर मिळतात ते मिनिटाला पाच हजारांवर फेऱ्या झाल्यावर. चाक मात्र शून्यापासून सुरू व्हायचं असतं. हा फिरणं आणि चालणं यांच्यातला तिढा गिअर सोडवतात. लहान चक्राने मोठं चक्र फिरवलं की वेग कमी होतो आणि पीळ वाढतो. पहिल्या गिअरला पीळ भरपूर, चौथ्याला वेग भरपूर. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

जे सहसा माहीत नसतं ते यापुढचं. आपल्या मनात चित्र असं असतं की पॅडल दाबलं की आत एक दातेरी चक्र सरकतं आणि दुसऱ्या चक्राच्या दातांत जाऊन अडकतं. पण बहुतेक सगळ्या मोटारसायकलींत, जुन्या बुलेटीतही, चक्रांच्या जोड्या आधीपासूनच एकमेकींत अडकलेल्या असतात आणि कायम एकत्र फिरत असतात. पहिल्याची जोडी, दुसऱ्याची, तिसऱ्याची, सगळ्या एकाच वेळी. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चक्र शाफ्टवर मोकळं असतं. ते शाफ्टभोवती नुसतं घिरट्या घालतं, शाफ्टला काही देत नाही. गिअर टाकायचा म्हणजे त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशी बांधायचं. बांधायचं काम करतात चक्राच्या बाजूच्या सपाट अंगावर उभे राहिलेले जाड ठोकळे. मिस्त्री त्यांना डॉग म्हणतात. शेजारचं सरकतं चक्र शाफ्टच्या खाचांवरून जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, त्याचे डॉग मोकळ्या चक्राच्या डॉगांमध्ये किंवा भोकांमध्ये शिरतात, आणि दोन्ही चक्रं एक होऊन फिरू लागतात.

बुलेटच्या चौथ्या गिअरची तर आणखी गंमत आहे. त्यात ताकद दातेरी चक्रांमधून जातच नाही. क्लचकडून येणारा मेन शाफ्ट एका पोकळ चक्राच्या आरपार गेलेला असतो, आणि त्या पोकळ चक्राच्याच टोकावर मागच्या चाकाच्या साखळीचं स्प्रॉकेट असतं. चौथा गिअर टाकला की डॉग या दोघांना थेट जोडतात. इंजिनाकडून जेवढ्या फेऱ्या आल्या तेवढ्याच स्प्रॉकेटला मिळतात, एकास एक. खालचा शाफ्ट त्या वेळी रिकामाच फिरत राहतो. टॉपला गाडी इतकी शांत का वाटते, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि टॉपला जे काही धरून ठेवलेलं असतं ते फक्त त्या ठोकळ्यांच्या भिंतींनी.

आता त्या भिंतींकडे जवळून बघू. दोन्ही हातांची बोटं आकडीसारखी वळवून एकमेकांत अडकवा आणि हात ओढा. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट होते. आता बोटं सरळ करून तसंच ओढा. घामट बोटं असतील तर निसटतात. चांगल्या बनावटीच्या डॉगांच्या भिंती वळवलेल्या बोटांसारख्या असतात: टोकाशी किंचित रुंद, बुडाशी किंचित अरुंद. कल फक्त दोन-तीन अंशांचा. नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ कळत नाही, आणि जुन्या कित्येक गिअरबॉक्समध्ये तो दिलेलाही नसतो, भिंत सरळ काटकोनात असते. सरळ भिंतही चालते, कारण दाबाखाली पोलादावर पोलाद घासतं आणि ते घर्षण तिला जागेवर धरतं.

हिशेब ढोबळच करून पाहण्यासारखा आहे. बुलेट 350 च्या इंजिनाचा पीळ साधारण 27 न्यूटन-मीटर. इंजिनापासून क्लचपर्यंत येताना साखळीच्या दोन चक्रांमुळे तो सव्वादोन पट होतो, म्हणजे सुमारे 60. डॉग शाफ्टच्या मध्यापासून दोन सेंटिमीटरवर आहेत असं धरलं, तर त्यांच्या भिंतींवर एकूण जोर येतो जवळपास 300 किलोचा. आता या 300 किलोंना तीन अंशांचा आतला कल मिळाला, तर त्यातले पंधराएक किलो गिअरला आत ओढायच्या कामाला लागतात. उलट, कोपरे झिजून भिंत दहा अंशांनी बाहेर कललेली असेल, तर घर्षण वजा करूनही वीस-पंचवीस किलोंचा धक्का गिअरला बाहेर ढकलतो. गिअर जागेवर राहावा म्हणून जी बारकी स्प्रिंग आणि गोळी किंवा प्लंजर असतो, त्याला इतका भार पेलणं शक्य नाही. ती स्प्रिंग फक्त योग्य जागा कुठे आहे ते सांगायला असते, ओझं उचलायला नसते.

याहून बारीक गोष्ट आहे ती ठोक्यांची. बुलेटला एकच सिलिंडर, आणि दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. मिनिटाला दोन हजार फेऱ्या असतील तर सेकंदाला सोळा-सतरा वेळा डॉगांवर धक्का येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये जोर ओसरतो. जोर ओसरला की घर्षणाची पकडही ढिली होते. भिंत उतरती असेल तर दर ठोक्याला गिअर केसभर बाहेर सरकतो. सरकत सरकत डॉगांची फक्त टोकं एकमेकांना धरून राहतात आणि मग एका धक्क्याला सगळं सुटतं. म्हणून गिअर टाकल्या टाकल्या सटकत नाही, थोडं अंतर चालून सटकतो. चालवणाऱ्याला वाटतं अचानक झालं, पण आत ते आधीपासून चाललेलं असतं.

दारव्हा रोडवरच्या एका मिस्त्र्याकडे मी या दुखण्याचं निदान होताना पाहिलं. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच प्रश्न सुरू झाले.

“कवा सटकते भाऊ? चढावर का उतारावर?”

“चढावर. तिसऱ्यातच.”

“रेस देल्यावर का सोडल्यावर?”

“देल्यावर.”

“मंग सोडल्यावर कधीच नाही?”

“नाही.”

“आतमंधी डॉग खाल्ले असन. पण पयले बाहेरचं पाहू.”

या चार प्रश्नांत जवळजवळ सगळं निदान सामावलेलं आहे. डॉगाला दोन भिंती असतात. इंजिन चाकाला ओढतं तेव्हा एक भिंत दाबाखाली असते, आणि उतारावर रेस सोडून चाक इंजिनाला फिरवू लागतं तेव्हा दुसरी. रेस दिल्यावर सटकत असेल तर ओढणारी भिंत झिजलेली. रेस सोडल्यावर सटकत असेल तर मागची. दोन्ही वेळा सटकत असेल किंवा नुसत्या खड्ड्याने सटकत असेल, तर डॉगांआधी प्लंजरची स्प्रिंग, फोर्क आणि पॅडलची यंत्रणा यांच्यावर संशय घ्यायचा. एकाच गिअरला सटकत असेल तर दोष त्या जोडीत. सगळ्याच गिअरांना सटकत असेल तर दोष सामाईक वस्तूत.

आणि आधी बाहेरचं पाहायचं हे अगदी बरोबर. बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सला पॅडल उजव्या पायाला असतं: पहिला वर, बाकीचे खाली. पायाने गिअर टाकायची ही पद्धत आज इतकी सवयीची झाली आहे की तिच्यामागची अक्कल दिसत नाही. सुरुवातीच्या मोटारसायकलींना टाकीजवळ हाताचा दांडा असायचा, मोटारीसारखा. हात हँडलवरून काढून तो नेमक्या खाचेत न्यावा लागे. 1920 च्या दशकाच्या अखेरीला वेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिसने शर्यतीच्या गाड्यांसाठी अशी यंत्रणा केली की पॅडल एकदा दाबलं की बरोबर एकच गिअर पुढे जायचा आणि पॅडल आपणहून मधल्या जागी परत यायचं. आत रॅचेट, म्हणजे एका दिशेने अडकणारा दात, आणि दोन्ही बाजूंना थांबे. जगभरच्या मोटारसायकलींनी पुढे हेच उचललं.

ते थांबे जागेवरून थोडे सरकले की एका दिशेचा टप्पा कमी पडतो. पॅडल पूर्ण दाबलं तरी आतला गिअर पूर्ण शिरत नाही. बुलेटला पॅडलच्या यंत्रणेपाशी दोन बोल्टांनी धरलेली एक पट्टी असते. ती किंचित फिरवून वर आणि खाली दोन्हीकडचा टप्पा सारखा करता येतो. मागचं चाक हाताने फिरवत, एकेक गिअर टाकत, पट्टी केसभर इकडे तिकडे. काही गाड्या एवढ्याने बऱ्या होतात. गिअरबॉक्स न उघडता. पॅडल फूटरेस्टला अडकतं का, पॅडलच्या शाफ्टवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या का, प्लंजरची स्प्रिंग मेली का, हेही याच वेळी पाहून घ्यायचं. ज्या मिस्त्र्याने यातलं काही न पाहता गाडी थेट उघडायला घेतली, त्याच्याकडून मी तरी गाडी परत आणेन.

आणखी एक जागा बहुतेक जण पाहत नाहीत: मागच्या चाकाचा हब. रॉयल एनफिल्डने फार पूर्वीपासून मागच्या हबमध्ये रबराचे तुकडे घातले आहेत. साखळीचा झटका थेट चाकाला न जाता त्या रबरांत मुरतो. ते रबर कडक होऊन तुटले किंवा साखळी लोंबकळू लागली, की दर वेळी रेस देता-सोडताना डॉगांवर हातोडा बसतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या पांदणीवर चाक घसरतं, मधेच दगडावर पकडतं, पुन्हा घसरतं. प्रत्येक पकडीला झटका. नवे गिअर टाकून जुनेच रबर ठेवले तर तेच दुखणं परत येणार.

बाहेरचं सगळं ठीक निघालं, तर मग उघडावंच लागतं. बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी जोडलेला, वेगळा डबा आहे. झाकणं उजव्या बाजूने निघतात, पण मेन शाफ्ट बाहेर काढायचा तर डाव्या बाजूचा क्लच आधी काढावा लागतो, कारण तो त्याच शाफ्टच्या टोकावर बसलेला असतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाडी उघडायची. कोणता वायसर कुठून निघाला हे क्रमाने मांडून ठेवणारा मिस्त्री असेल तर निम्मं काम फत्ते, कारण पातळ वायसर आणि शिम यांच्यावरच शाफ्टची आडवी हालचाल ठरते. शाफ्ट आडवा हलत असेल तर गिअर कितीही चांगला असला तरी डॉग पूर्ण शिरत नाहीत.

दारव्हा रोडवरच्या त्या मिस्त्र्यालाही उघडावं लागलं. त्याने चक्रं रॉकेलमध्ये धुतली आणि एक सरकतं चक्र उन्हात तिरकं धरून दाखवलं. डॉगाची मागची भिंत मंद राखाडी होती. ओढणारी भिंत बुडाशी तशीच, पण टोकाकडचा कोपरा चकचकीत, गोल. नख कोपऱ्यांवरून फिरवलं तर मागच्या भिंतीच्या कोपऱ्याला ते अडतं, ओढणाऱ्या भिंतीच्या कोपऱ्यावरून सरकून जातं. तीन डॉगांवर झीज सारखी होती, एकावर कमी. म्हणजे जोर सगळ्यांवर समान पडत नव्हता. एवढीशी जागा, आणि 300 किलो तिच्यावरून घसरत होते. मग फोर्क. हा धातूचा दोन बोटांचा आकडा सरकत्या चक्राच्या खोबणीत बसून त्याला इकडून तिकडे नेतो. त्याची एक बाजू घासून आरशासारखी झाली होती, आणि कडेला निळसर झाक होती, तापल्याची. गिअर बाहेर यायला धडपडत होता आणि फोर्क त्याला अडवायला, म्हणून तो तापला. बरेच जण अशा वेळी नवा फोर्क टाकून डबा बंद करतात. थोडे दिवस गाडी चालते, मग नवाही फोर्क तसाच झिजतो, कारण त्याला ढकलणारी डॉगाची भिंत तशीच राहिलेली असते.

डॉगांचे कोपरे गोल होतात ते कशाने, हे मात्र आपल्या पायावर आणि क्लचवर अवलंबून असतं. दोन चक्रं वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना डॉग शिरतात, तेव्हा आधी कोपऱ्याला कोपरा लागतो. पॅडल ठामपणे दाबलं तर हा क्षण लवकर संपतो. पाय अर्धवट ठेवला, क्लच पूर्ण सुटत नसेल, तर कोपरे एकमेकांवर खडखडत राहतात. मग कोपरा थोडा गोल होतो, त्यामुळे गिअर थोडा कमी शिरतो, त्यामुळे उरलेल्या टोकावर सगळा भार येतो, आणि टोक आणखी झिजतं. झीज झिजेला वाढवत नेते. एकदा सटकायला लागलेला गिअर म्हणूनच आपोआप बरा होत नाही, आणि सटकत असताना गाडी रेटली तर थोड्याच दिवसांत जोडी निकामी होते. येझदीला याचा जास्त धोका असतो, कारण तिच्यात पॅडल दाबण्याच्या हालचालीनेच क्लच सुटतो. ती सोय अप्रतिम आहे. पण तिची जुळणी बिघडली की चालवणाऱ्याला कळायच्या आत डॉग क्लच न सुटताच एकमेकांवर आदळू लागतात.

दुरुस्तीचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नवी चक्रं, आणि तीही जोडीने. एकच बदलून दुसरं जुनं ठेवलं तर नव्याचे कोपरे जुन्यामुळे झिजतात. बुलेटच्या बाबतीत हे शक्य असतं. 1955 साली इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया काढली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला, पण बर्मिंगहॅमच्या अल्बियनच्या आराखड्याचा हा चार गिअरचा डबा मद्रासमध्ये नव्या शतकाच्या तोंडापर्यंत निघत राहिला. एखाद्या यंत्राची जन्मभूमी संपून जावी आणि त्याचं आयुष्य दुसऱ्या खंडात दशकानुदशकं चालावं, आणि त्यामुळे आज वणीच्या किंवा उमरखेडच्या माणसाला त्याचा सुटा भाग मागवता यावा, हे मला फार मोठं वाटतं. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये थांबला आणि राजदूतचंही उत्पादन कधीच बंद झालं, त्यामुळे त्यांचे भाग शोधावे लागतात. मग गाडी लेथवाल्याकडे जाते.

कापसाच्या या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने शंभर वर्षांहून जुने आहेत, आणि जिथे जिन तिथे शाफ्ट, बुश, पुली दुरुस्त करणारा हात लागतोच. लेथवर गनमेटलचे बुश काढून घेणं ही त्यामुळे इथे साधी गोष्ट आहे. बुलेटच्या पोकळ चक्रातले बुश झिजले की मेन शाफ्ट त्यात डुलतो आणि डॉग एका बाजूनेच लागतात. टॉपला शाफ्ट आणि चक्र एका वेगाने फिरतात, तिथे बुश झिजत नाही. तो झिजतो खालच्या गिअरांत, जेव्हा दोघांचे वेग वेगळे असतात. घाटात, चिखलात, ओझ्याने खालच्या गिअरवर चालणाऱ्या गाडीचे बुश म्हणूनच आधी जातात. नवा बुश आणि बरोबर जाडीचा वायसर, एवढ्याने कित्येक गिअरबॉक्स परत सरळ होतात.

डॉग स्वतः दुरुस्त करायचे तर दोन वाटा. एक, झिजलेल्या भिंतीवर वेल्डिंगने भर घालून पुन्हा घासायचं. दुसरी, ज्यात भर काहीच घालायची नसते: भिंतीलाच घासून तो दोन-तीन अंशांचा आतला कल द्यायचा. शर्यतीच्या गाड्यांत हे मुद्दाम करतात. पण इथे पोलादाची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गिअरचं चक्र सगळीकडे सारखं कडक नसतं. वरचा पातळ थर, मिलिमीटरच्या आसपासचा, कार्बन मुरवून आणि पाणी देऊन काचेसारखा कडक केलेला असतो. आतला गाभा मात्र चिवट ठेवलेला असतो, कारण आतूनही तो कडक असता तर पहिल्याच झटक्याला दात तुटला असता. कानस त्या थरावर टेकवली तर ती चावत नाही, नुसती घसरते आणि किरकिर करते. कानस चावायला लागली की समजायचं, थर संपला आणि गाभा लागला. इथून पुढे घासलेला डॉग फार दिवस टिकणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनेही तो थर मऊ पडतो. म्हणून मला विचाराल तर वेल्डिंग ही शेवटची वाट, आणि कल द्यायचा तोही थर राखून, दगडाच्या ग्राइंडरवर, सगळ्या डॉगांना सारखा. एका डॉगाला जास्त घासलं तर उरलेले सगळा भार वाहतील आणि लवकर जातील.

या गाडीचं तिसऱ्याचं चक्र आणि त्याचं जोडीदार नवं आलं. बुश लेथवर झाले, फोर्क नवा बसला, स्प्रिंग बदलली, हबचे रबरही. झाकण बंद करायच्या आधी मिस्त्र्याने डॉगांवर निळी शाई लावली, गिअर टाकला, चाक फिरवून काढला. शाई टोकावर राहते की बुडापर्यंत पुसली जाते, यावरून डॉग किती खोल शिरला ते दिसतं. पहिल्यांदा शाई थोडी उरली. एक पातळ वायसर बदलला, मग पूर्ण पुसली गेली.

तेलाचाही प्रश्न असतो. बुलेटच्या या डब्यात जुने मिस्त्री ग्रीस आणि तेल यांचं मिश्रण भरत, कारण नुसतं पातळ तेल शाफ्टच्या फटींतून गळतं. पण ग्रीस जास्त झालं तर चक्रं त्यात पोकळी कोरून फिरत राहतात, ग्रीस भिंतींना चिकटून बसतं आणि दातांपर्यंत पोहोचत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा ते पातळ होऊन पसरतं, थंडीत मात्र पुन्हा घट्ट. मिश्रण मधासारखं वाहतं असावं, चमच्यावर उभं राहता कामा नये.

चाचणी सपाट रस्त्यावर घेऊन उपयोग नसतो. मागे माणूस बसवून चढावर तिसऱ्यात पूर्ण रेस, मग एकदम सोडायची, पुन्हा द्यायची. त्याच चढाने उतरताना तिसऱ्यातच रेस बंद ठेवून इंजिनाला गाडी धरू द्यायची, म्हणजे डॉगाची दुसरी भिंतही तपासली जाते. गिअर सटकणं चढावर त्रासाचं असतं, उतारावर जिवावरचं, कारण तिथे इंजिनाचा ब्रेक एका क्षणात नाहीसा होतो. दोन्हीकडे गिअर राहिला, की गाडी मालकाच्या ताब्यात. पाचशेएक किलोमीटर झाले की डब्यातलं तेल एकदा काढून पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहायचं. नवे दात एकमेकांना जुळताना राखाडी चुरा सोडतात, तो तेलात करडी झाक आणतो, त्याचं भय नाही. बोटांना टोचेल असा चमकता कण निघाला, तर मात्र झाकण पुन्हा उघडायचं, आणि सगळ्यांत आधी त्याच भिंतीचा कोपरा पाहायचा.